इमारत गरम ठेवायला किती एनर्जी लागते ते कसं काढायचं: पुण्यात बसून पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसात नवीन पोरं-पोरी जॉईन होतात, बहुतेक मेकॅनिकल किंवा सिव्हिल केलेली, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पुढ्यात जर्मनीतली नाहीतर इंग्लंडमधली एखादी बिल्डिंग येते आणि सांगितलं जातं की हिचं हीटिंग किती लागतं त्याचा अंदाज काढा. आता पुण्यात वाढलेल्या माणसाने रेडिएटर कधी हात लावून पाहिलेला नसतो. मीही पाहिला नव्हता. मग काय होतं, तर सरळ सॉफ्टवेअर उघडलं जातं, खिडक्या-भिंती भरल्या जातात, बटण दाबलं की आकडा येतो, आणि तो आकडा बरोबर की चूक हे सांगता येत नाही. म्हणून हे लिहितेय. कागद, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर एवढं पुरे, आणि शेवटी बिलाशी ताळा. ताळा हा शब्द शाळेत गणिताच्या तासाला जसा शिकलो तसाच घ्या, उत्तर आलं म्हणजे गणित सुटलं असं नाही, ताळा जुळला की सुटलं.

आधी बादली

युनिट म्हणजे काय ते अंगात भिनलं पाहिजे, म्हणून सुरुवात आपल्याच बाथरूमपासून. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालली. पाण्यासाठी सोपा हिशोब: लिटर गुणिले किती डिग्री तापवलं, भागिले ८६०, उत्तर युनिटमध्ये. डिसेंबरात सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी समजा २० डिग्री आहे, अंघोळीला ४० चं पाहिजे, एक बादली २० लिटरची. २० गुणिले २० म्हणजे ४००, भागिले ८६०, म्हणजे साधारण अर्ध्याला थोडं कमी, ०.४६ युनिट. घरात चार माणसं तर रोजचे पावणेदोन-दोन युनिट, महिन्याचे पंचावन्न-साठ, वर गीझर नुसता चालू ठेवल्यावर जे वाया जातं ते वेगळं. मे महिन्यात तेच पाणी टाकीतच ३२-३३ डिग्रीचं असतं, म्हणून उन्हाळ्यात गीझरचा खर्च जवळजवळ दिसतच नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे जे खांब छापलेले असतात ते काढून बघा, डिसेंबर-जानेवारीचा खांब किती वर आहे आणि तुमचा हिशोब किती सांगतो. झाला तुमचा पहिला ताळा.

माझ्या आजोळी सदाशिव पेठेत वाड्यात तांब्याचा बंब होता, सकाळी लाकडं-गोवऱ्या टाकून पेटवायचा. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार युनिट उष्णता असते, पण पाण्यात जाते त्यातली थोडीच, बाकी धुराबरोबर वर. ही गोष्ट पुढे लागणार आहे, कारण इंधनात किती आहे आणि घराला किती पोचतं हे दोन आकडे वेगवेगळे असतात आणि नवखे हमखास तेच एकमेकांत मिसळतात.

मग एक खोली

पाण्यात उष्णता एकदा घातली की काम झालं, घराचं तसं नाही. घर म्हणजे भोक पडलेला हंडा, वरून ओतत राहायचं आणि खालून गळत राहणार, आणि पातळी तशीच ठेवायला जेवढं गळतं तेवढं ओतावं लागतं. म्हणून आपल्याला शोधायचा आहे गळतीचा आकडा: आत-बाहेर एक डिग्रीचा फरक असताना किती वॅट बाहेर जातात.

त्यासाठी यू व्हॅल्यू लागते. एक चौरस मीटर भिंत, एक डिग्री फरक, त्यातून जाणारे वॅट, बास. आपली नेहमीची नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत साधारण २ ला येते. स्वतः काढून बघा, नुसतं टेबलमधून उचलू नका: प्रत्येक थर उष्णतेला किती अडवतो ते काढायचं, जाडी भागिले वाहकता (म्हणजे त्या वस्तूतून उष्णता किती सहज जाते तो आकडा), आणि सगळ्यांची बेरीज करायची. विटेची जाडी ०.२३ मीटर भागिले तिची वाहकता साधारण ०.८, म्हणजे ०.२९. प्लास्टरचे दोन्ही थर मिळून ०.०४. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेचे ०.१३ आणि ०.०४. बेरीज ०.५०, त्याला उलटं केलं की २. आता याच भिंतीला १०० मिलिमीटर मिनरल वूल, म्हणजे इन्सुलेशनची दगडी लोकर, लावली तर ०.१ भागिले ०.०४ म्हणजे एकदम २.५ ची भर, बेरीज ३, उलटं केलं की ०.३३. म्हणजे चार इंच लोकरीने गळती सहावा हिस्सा झाली, आणि वीट दुप्पट जाड केली असती तर निम्मीही झाली नसती. इन्सुलेशन का लावतात हे मला पुस्तकातून नाही, या बेरजेतून कळलं.

आता समजा कोथरूडमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली, ३ बाय ३.६ मीटर, उंची २.९. बाहेरची एकच भिंत, खिडकी वजा करून ८.४ चौरस मीटर, गुणिले २, म्हणजे १७. खिडकी २ चौरस मीटर, एकेरी काच, यू व्हॅल्यू साधारण ५.८, म्हणजे १२. डोक्यावर स्लॅब ११ चौरस मीटर, ब्रिकबॅट कोबा धरूनही यू व्हॅल्यू अडीच-तीनच्या घरात, २.७ घेऊ, म्हणजे ३०. आणि फटींमधून तासाला एकदा खोलीतली हवा बदलते असं धरलं तर ३१ घनमीटर गुणिले ०.३३, म्हणजे १०. ही ०.३३ लक्षात ठेवा, एक घनमीटर हवा एक डिग्री तापवायला एवढे वॅट-तास लागतात. सगळी बेरीज साधारण ७० वॅट प्रति डिग्री, आणि त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या स्लॅबचे. म्हणजे बाहेर १२ आणि आत २२ ठेवायचं तर ७०० वॅटचा हीटर सतत चालला पाहिजे.

मी हे खरंच करून बघितलं होतं, एका जानेवारीत, संध्याकाळी सातला हीटर लावला, प्लगला मीटर लावला, दोन थर्मामीटर, एक आत एक बाल्कनीत, आणि सकाळी उठून बघते तर हिशोबापेक्षा खूपच कमी तापलं होतं. दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळलं की मी आतल्या भिंती आणि शेजारच्या खोल्या धरल्याच नव्हत्या, दाराखालच्या फटीतून अख्खं घर तापत होतं, आणि दुसरं म्हणजे स्लॅब. त्या स्लॅबचं वजन काढा: ११ चौरस मीटर, १५० मिलिमीटर जाड, जवळपास चार टन काँक्रीट, आणि त्याला एक डिग्री तापवायला जवळपास एक युनिट लागतं, खोलीतल्या हवेला मात्र युनिटचा शंभरावा भाग. म्हणजे रात्रभर मी हवा नाही, काँक्रीट तापवत बसले होते. एका रात्रीत गळती मोजता येत नाही, निदान दोन-तीन दिवस एकसारखं तापमान ठेवावं लागतं, आणि युरोपात रिकाम्या घरावर अशी टेस्ट करतात तेव्हा ती आठवडा-दोन आठवडे चालते. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या लोकांना रात्री अकरालाही पंख्याखाली झोप येत नाही त्याचं कारणही हेच चार टन, दिवसा भरतात आणि रात्री देतात.

डिग्री-डे, आणि शिमला ऑफिस

गळती कळली, आता बाहेर किती थंड आणि किती दिवस हे पाहिजे. दोन्ही एकाच आकड्यात बसवतात तो म्हणजे डिग्री-डे. समजा १७ डिग्रीच्या खाली गेलं की हीटिंग लागतं असं ठरवलं, आणि आजचं दिवसभराचं सरासरी तापमान ५ होतं, तर आजचे १२ डिग्री-डे. उद्या सरासरी १८ असेल तर शून्य, उणे नाही. असे वर्षभराचे मिळवायचे.

शिवाजीनगरला शिमला ऑफिस चौकातून रोज जाणारे कितीतरी लोक असतील ज्यांना हे नाव कुठून आलं माहीत नाही. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आधी शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि नाव शिमलाच राहिलं, पुढे १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं तरी लोकांच्या तोंडचं नाव बदललं नाही. मला हे फार आवडतं, कारण आपल्या कामाला लागणारा पहिला कच्चा माल म्हणजे रोजचं कमाल-किमान तापमान, ते मोजणारी मोठी परंपरा आपल्याच शहरात आहे. ट्रेनिंगला मी नवीन मुलांना आधी पुण्याचंच काढायला लावते. डिसेंबरात किमान ११-१२, कमाल २९-३०, सरासरी २० च्या आसपास. १७ च्या पायावर डिग्री-डे किती? जवळजवळ शून्य. पहाटे आपण स्वेटर-मफलर घालून फिरतो तरी हीटिंगच्या हिशोबात पुणं शून्य, कारण दुपारी स्लॅब आणि भिंती पुन्हा भरून घेतात. आपल्याकडे घरं तापवायची सोय का नसते याचं हे आकड्यातलं उत्तर.

आता खरी केस

समजा दक्षिण जर्मनीतला एक जुना फ्लॅट, ८० चौरस मीटर, वरचा मजला, उंची २.५, म्हणजे २०० घनमीटर हवा. बाहेरच्या भिंती ५० चौरस मीटर, यू व्हॅल्यू १.४, म्हणजे ७०. खिडक्या १४ चौरस मीटर, जुनी दुहेरी काच, २.७, म्हणजे ३८. छप्पर ८० चौरस मीटर, थोडं इन्सुलेशन आहे, ०.५, म्हणजे ४०. खाली शेजाऱ्यांचं गरम घर, म्हणून जमिनीतून शून्य. कोपरे, बाल्कनीचा स्लॅब जिथे भिंतीतून बाहेर जातो ती जागा, खिडक्यांच्या कडा, यांना थर्मल ब्रिज म्हणतात, तपशील नसेल तर जर्मनीत बाहेरच्या एकूण क्षेत्रफळाला ०.१ लावायची पद्धत आहे, १४४ ला ०.१, म्हणजे १४. हवा तासाला ०.६ वेळा बदलते असं धरलं तर २०० गुणिले ०.६ गुणिले ०.३३, म्हणजे ४०. बेरीज २०२, आपण २०० घेऊ.

आत पाहिजे २० डिग्री. पण सगळी उष्णता बॉयलर देत नाही. निवांत बसलेला माणूसच साधारण १०० वॅटचा हीटर असतो, शिवाय फ्रिज, स्वयंपाक, टीव्ही, खिडकीतून येणारं ऊन. सगळं मिळून सरासरी ६०० वॅट धरले तर ६०० भागिले २०० म्हणजे ३ डिग्री फुकटात मिळाल्या, म्हणून बॉयलरला १७ पर्यंतच काम. हा जो १७ आला तोच पायाचा आकडा, बेस टेंपरेचर. तो आभाळातून पडत नाही, त्या घराच्या गळतीतून आणि फुकटच्या उष्णतेतून येतो. इंग्लंडमध्ये १५.५ वापरायची सवय आहे, अमेरिकेत ६५ फॅरनहाइट म्हणजे १८.३, हे सरसकट आकडे, तुमच्या घराचा वेगळा असू शकतो, चांगलं इन्सुलेशन असलेल्या घराचा तर बराच खाली जातो.

महिन्यांची सरासरी अशी धरू: जानेवारी ०, फेब्रुवारी १, मार्च ५, एप्रिल ९, मे १४, ऑक्टोबर १०, नोव्हेंबर ४, डिसेंबर १. प्रत्येकाला १७ मधून वजा करून दिवसांनी गुणा: ५२७, ४४८, ३७२, २४०, ९३, २१७, ३९०, ४९६. बेरीज २,७८३. रोजचे आकडे मिळाले तर तेच घ्या, मे-ऑक्टोबरसारख्या काठावरच्या महिन्यांत महिन्याची सरासरी थोडं कमी दाखवते.

मग २०० गुणिले २४ गुणिले २,७८३ भागिले १,०००, म्हणजे साधारण १३,३६० युनिट वर्षाला. ८० ने भागलं की चौरस मीटरला १६७. हा आकडा कुठे बसतो ते कळायला एक खूण: पॅसिव्ह हाऊस म्हणजे हीटिंग अगदी थोडंच लागेल असं बांधलेलं घर, त्याची अट चौरस मीटरला वर्षाला १५ युनिट आहे, आणि त्या पद्धतीचं पहिलं घर जर्मनीतच डार्मस्टाटला उभं राहिलं, १९९०-९१ मध्ये. म्हणजे आपला फ्लॅट त्याच्या अकरापट खातोय, जुन्या घराला हे नवल नाही.

हे झालं घराला पोचलेलं. इंधन किती? जुना गॅस बॉयलर ८५ टक्के धरला तर १३,३६० भागिले ०.८५, साधारण १५,७०० युनिटचा गॅस. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये १० ते ११ युनिट असतात, म्हणजे दीड हजार घनमीटरच्या आसपास. आपल्या घरी पाइप गॅस असेल तर त्याचं बिलही घनमीटरमध्येच येतं, ते शेजारी ठेवून बघा, स्वयंपाकाचा गॅस आणि घर तापवायचा गॅस यांत किती जमीन-अस्मानाचा फरक आहे ते कळेल. हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर ओढून घरात आणणारं यंत्र) असेल आणि तो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देत असेल तर तेच काम साडेचार हजारांहून थोड्या कमी युनिटमध्ये.

एक गंमत करून बघा, आतलं तापमान २० ऐवजी १९ करा. पाया १६ झाला, थंडीचे २४३ दिवस, म्हणून २४३ डिग्री-डे कमी, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के बचत. तिकडच्या घरांत थर्मोस्टॅटवरून वाद का होतात ते समजतं.

कुठे चुकतं

माझी पहिली मोठी चूक सांगते कारण ती अजून दर वर्षी कोणीतरी करतंच. जर्मन पद्धतीत डिग्री-डे वेगळ्या तऱ्हेने मोजायची पद्धत आहे: बाहेरची सरासरी १५ च्या खाली गेली की तो दिवस धरायचा, पण वजाबाकी २० मधून करायची. वरच्याच महिन्यांना हे लावा, २,७८३ ऐवजी ३,५१२ येतात, २६ टक्के जास्त. यात माणसं-ऊन-फ्रिजचे वॅट आधी वजा झालेले नसतात, ते तुम्ही वेगळे वजा करायचे. मी तो आकडा एका वेबसाइटवरून उचलला, वजा काहीच केलं नाही, आणि बिल कमी दिसल्यावर क्लायंटचा मीटर बिघडलाय असं मेलमध्ये लिहून मोकळी झाले. सिनियरनी शांतपणे विचारलं, पाया कुठला घेतलास? तेव्हापासून डिग्री-डेच्या आकड्याशेजारी पाया लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

बाकीच्या चुका पटकन. क्षेत्रफळ कार्पेट घेतलं की बाहेरून मोजलेलं, हे लिहून ठेवा, फ्लॅट घेताना आपण कार्पेट-बिल्टअपवरून बिल्डरशी भांडतो तसंच इथेही जपायचं. गॅसची ग्रॉस आणि नेट कॅलरीफिक व्हॅल्यू, म्हणजे जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णता धरून आणि न धरता मोजलेली गॅसमधली उष्णता, नैसर्गिक वायूत दोन्हींत दहा टक्क्यांच्या आसपास फरक, आणि बॉयलरची एफिशियन्सी कुठल्यावर दिली आहे ते बघा, नाहीतर एका ओळीत दहा टक्के गायब. मजल्याखाली पार्किंग आहे की शेजारी राहतात, हे फोटो मागवून विचारा.

बिलाशी ताळा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि हाच लोक सोडतात. बारा महिन्यांची गॅसची बिलं मागवा आणि त्याच महिन्यांचे, त्याच वर्षाचे डिग्री-डे घ्या, वीस वर्षांची सरासरी नाही, कारण एखादा हिवाळा सौम्य असतो. एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर डिग्री-डे, उभ्यावर युनिट, बारा ठिपके, आणि त्यातून एक सरळ रेष. रेष जिथे उभ्या अक्षाला छेदते तेवढा गॅस थंडीशी संबंध नसलेला, म्हणजे अंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक, आपली सुरुवातीची बादली इथे परत येते. चार माणसांच्या बादल्यांचा हिशोब करून तो आकडा पटतो का बघा. आणि रेषेचा चढ म्हणजे एका डिग्री-डेला किती युनिट. आपल्या फ्लॅटला तो २०० गुणिले २४ भागिले १,००० भागिले ०.८५, म्हणजे ५.६ च्या जवळ यायला हवा.

तो ५.६ च्या ऐवजी ७ आला तर? गळती जास्त आहे किंवा बॉयलर वाईट आहे, खिडक्या उघड्या ठेवून हीटिंग चालू ठेवतात का ते विचारा. ४ आला तर? बहुतेक वेळा लोक सगळ्या खोल्या तापवतच नाहीत, जुन्या घरात तर हमखास. २०१२ मध्ये केंब्रिजच्या दोन संशोधकांनी जर्मन घरांच्या आकड्यांवरून दाखवलं की हिशोबाने जेवढं यायला हवं त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर सरासरी तीस टक्क्यांनी कमी असतो, आणि घर जितकं गळकं तितका हा फरक मोठा. माणसं खर्च बघून वागतात, एकाच खोलीत बसतात, स्वेटर घालतात. हे कळलं नाही तर इन्सुलेशनमुळे अमुक इतकी बचत होईल असं आपण लिहून देतो आणि ती होत नाही, कारण जे कधी जळलंच नव्हतं ते वाचणार कसं. घरमालक त्या आकड्यावर कर्ज काढतो, हे डोक्यात ठेवून काम करा.

ठिपके रेषेपासून फार विखुरले असतील तर आधी बिलांच्या तारखा तपासा, बिल १ तारखेला सुरू होतंच असं नाही, अंदाजे रीडिंगचं बिल असेल तर दोन महिने एकत्र करा. एखादाच ठिपका खाली पडला असेल तर ते लोक सुट्टीवर गेले असतील, सरळ फोन करून विचारा, मी तसंच करते आणि पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

आणि रिपोर्टमध्ये १५,७१६ युनिट असं लिहू नका. हवा तासाला ०.६ वेळा बदलते हे आपण धरलं, ०.४ किंवा ०.८ ही असू शकतं, म्हणजे गळती १३-१४ ने इकडे-तिकडे, सात टक्के तिथेच. भिंतीची यू व्हॅल्यू १.४ धरली, आत काय आहे ते भोक पाडून कोणी पाहिलेलं नाही. १४ ते १७ हजार लिहा, खाली कुठला पाया, कुठलं वर्ष, कुठलं क्षेत्रफळ, ग्रॉस की नेट ते लिहा, आणि बिलाच्या रेषेचा चढ शेजारी द्या, म्हणजे तुमच्यानंतर ती फाइल उघडणाऱ्याला सगळं पहिल्यापासून खणावं लागणार नाही.